तारीख शोधायला गेलो, रील्समध्ये अडकलो

लातूरला शिकवणीसाठी आलेला विद्यार्थी परीक्षेची तारीख बघायला मोबाइल उघडतो आणि अर्धा तास रील्समध्ये घालवतो. तारीख बघायची राहूनच जाते. दोष त्याच्या एकट्याचा नाही. समोर काय यावे, हे ॲप ठरवते.

यावर जुना, फुकटचा उपाय आहे: फीड. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी ठेवते आणि न्यूजरीडर ती आणून दाखवतो. आपण निवडलेल्या स्थळांपलीकडे काहीच येत नाही. ‘इमॅक्स’ या मोफत टेक्स्ट एडिटरमध्ये ‘न्यूजटिकर’ आधीपासूनच असतो, वेगळा इन्स्टॉल करावा लागत नाही. संगणकावर ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा, ‘न्यूजटिकर-शो-न्यूज’ हे इंग्रजीत टाइप करून एंटर करा. हव्या त्या फीडचे पत्ते सेटिंगमधील यादीत भरा. २०२५ मध्ये आलेल्या ३०व्या आवृत्तीपासून इमॅक्स अँड्रॉइडवरही चालतो.

पण फीडच नसेल तर न्यूजरीडर आणणार काय? म्हणून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो की जिल्हा परिषद, परिपत्रकांच्या पानावर फीडचा पत्ता ठळक हवाच. निकाल खरा की अफवा, हे विद्यार्थ्याने फॉरवर्डला का विचारावे?