गप्प बसणाऱ्या मुलांचं उत्तरही मोजलं जाऊ द्या

वर्गात सरांनी प्रश्न विचारला की कोणाचे हात वर होतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दोन बाकांवरच्या चार-पाच जणांचे. त्यातला एक उत्तर देतो, सर ‘शाबास’ म्हणतात, ‘सगळ्यांना समजलं ना?’ असं विचारतात. वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो आणि धडा पुढे सरकतो. बाकीच्या तीस-पस्तीस मुलांना काय समजलं, हे सरांना कळतं ते थेट परीक्षेचे पेपर तपासताना. तोवर वेळ गेलेली असते.

मी कारंज्यात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. उर्दू माध्यमाची मुलं येतात, मराठी माध्यमाचीही येतात. या मुलांकडे पाहून माझं मत पक्कं झालं आहे. वाशिम जिल्ह्यातल्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाचं उत्तर एकाच वेळी घेण्याची पद्धत वर्गात आणली पाहिजे आणि त्यासाठी आपण तरुणांनी त्यांना हात दिला पाहिजे.

परदेशातल्या कॉलेजांत यासाठी ‘क्लिकर’ वापरतात. रिमोटसारखं छोटं यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असतं. तो बटण दाबतो आणि सगळ्या वर्गाची उत्तरं शिक्षकांना लगेच दिसतात. हे यंत्र आपल्या शाळांना परवडणारं नाही. पण ‘प्लिकर्स’ नावाच्या अ‍ॅपने हे काम कागदावर आणलं आहे. प्रत्येक मुलाला क्यूआर कोडसारखी खूण छापलेलं एक कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराची बाजू वर करून मूल कार्ड धरतं. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं उत्तर बरोबर, कोणाचं चूक, हे त्यांच्या स्क्रीनवर येतं. मुलांकडे फोन लागत नाही, फक्त शिक्षकांचा एक फोन आणि इंटरनेट पुरतं. प्रत्येकाच्या कार्डावरची खूण वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून कार्ड फिरवणं अवघड जातं.

याचा उपयोग कसा होतो, ते एका प्रश्नावरून सांगतो. १/३ + १/४ किती? पर्याय चार: २/७, ७/१२, १/१२ आणि १/७. बरोबर उत्तर ७/१२. पण खरी माहिती चुकीच्या पर्यायांत आहे. २/७ म्हणणाऱ्याने वर वर आणि खाली खाली बेरीज केली. १/१२ म्हणणाऱ्याने गुणाकार केला. १/७ म्हणणाऱ्याने फक्त छेद मिळवले. माझ्या वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा निम्म्याहून जास्त कार्डं २/७ वर होती, आणि त्यांत एरवी पटापट गणितं सोडवणारी मुलंही होती. तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरून ‘७/१२’ आलं असतं आणि मी पुढे गेलो असतो.

आपल्या मुलांसाठी हा प्रश्न अधिक मोठा आहे. घरात दखनी किंवा वऱ्हाडी वळणाची उर्दू बोलणारं मूल पाचवीत किंवा आठवीत मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळेत जातं तेव्हा त्याला उत्तर येत असतं, ते सांगायची भाषा येत नसते. चुकीचं मराठी बोललो तर वर्ग हसेल, म्हणून ते गप्प बसतं. मुलींचं तर विचारूच नका. मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर एक शब्द बोलत नाही आणि ‘हिला अभ्यासात रस नाही’ असा शिक्का तिच्यावर बसतो. दहावीनंतर शिक्षण थांबवायचं ठरतं, तेव्हा याच शिक्क्याचं कारण पुढे केलं जातं. कार्ड वर करायला मराठीही लागत नाही आणि हिंमतही लागत नाही.

ही अडचण काही आजची नाही. सहीह बुखारीत इल्मच्या प्रकरणात एक प्रसंग येतो. पैगंबरांनी (स.) सोबत्यांना विचारलं, की असं कोणतं झाड आहे ज्याची पानं गळत नाहीत आणि जे मुसलमानासारखं आहे? लोकांना रानातली झाडं आठवली. तरुण अब्दुल्लाह इब्न उमर (र.) यांच्या मनात खजूर आलं होतं. पण वडीलधाऱ्यांसमोर बोलायचा संकोच वाटला आणि ते गप्प राहिले. उत्तर खजूरच होतं. पुढे हे कळल्यावर हजरत उमर (र.) म्हणाले, की तू बोलला असतास तर मला फार आवडलं असतं. आपल्या प्रत्येक वर्गात असे संकोचाने गप्प बसलेले अब्दुल्लाह आणि फातिमा आहेत.

मात्र कार्ड स्कॅन केलं म्हणजे मूल शिकलं, असं होत नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात एक पद्धत चालवली. प्रश्न टाकायचा, सगळ्यांची उत्तरं घ्यायची. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर उत्तर सांगायचं नाही. मुलांना शेजाऱ्याशी बोलायला लावायचं, ‘तुझं उत्तर का बरोबर, ते मला पटवून दे’, आणि मग पुन्हा उत्तरं घ्यायची. शिकणं होतं ते या बोलण्यात. २००८ मध्ये नॅथॅनियल लॅसरी यांनी कॅनडातल्या एका कॉलेजात क्लिकर आणि साधी कार्डं यांची तुलना केली, तेव्हा मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर रेंज नसेल तरी काही बिघडत नाही. पाटीवर उत्तर लिहून ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी पाटी वर करायची. किंवा छातीपाशी एक ते चार बोटं दाखवायची. मोबाइल असेल तर उत्तरांची नोंद राहते आणि कोणतं मूल कुठे अडकतं ते महिनाभराने पाहता येतं, एवढाच जास्तीचा फायदा.

शिक्षक तयार होतील का? त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. माहिती भरायची अ‍ॅप्स, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं यांनी ते आधीच वैतागले आहेत. त्यात २०१८ पासून वाशिम हा नीती आयोगाचा आकांक्षित जिल्हा आहे. या कार्यक्रमाच्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे, म्हणजे आकडे वर पाठवायचा ताण आलाच. त्यांना आणखी एक अ‍ॅप नको असेल तर त्यात नवल नाही. म्हणून माझी एक अट आहे. ही उत्तरं वर्गाबाहेर जाऊ नयेत. ना अधिकाऱ्याला, ना नोटीस बोर्डावर, ना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. उद्या त्यांचा तक्ता मागितला गेला, तर शिक्षक सोपेच प्रश्न विचारतील आणि मुलं एकमेकांची कार्डं पाहतील. अ‍ॅपमध्येही नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकले तरी काम होतं.

महाराष्ट्रातला शिक्षक हे करू शकतो, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या बोलीत धडे तयार करून पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. पण आपल्या बहुतेक वर्गांत पडदा अजून एकतर्फीच बोलतो. व्हिडिओ लागतो, मुलं पाहतात. ती काय समजली, हे परत येत नाही. ते परत येण्याची वाट आता आपण तयार करायची आहे.

मित्रांनो, यात आपलं काम नेमकं आहे. आपल्या जुन्या शाळेतल्या एका सरांना किंवा मॅडमना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, मदत घेऊन जा. चाळीस कार्डांचा एक संच जाड कागदावर छापून द्या. त्यावर चकचकीत लॅमिनेशन करू नका, प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्याला खूण दिसत नाही. एका धड्याचे पाच प्रश्न मराठी आणि उर्दूत तयार करून द्या, चुकीच्या पर्यायांसह. पहिल्या दिवशी फोन धरायला सोबत थांबा. तुमची भावंडं जिल्हा परिषदेच्या किंवा नगर परिषदेच्या शाळेत असतील, तर अब्बू-अम्मींना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पाठवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कार्डांच्या छपाईचा खर्च तिथे मांडता येतो.

एका शाळेत, एका विषयाला, आठवड्यातून दोन प्रश्न एवढ्यावर सुरुवात करा. जून उजाडायची वाट पाहू नका. पुढच्या सोमवारीही हे होऊ शकतं.