पुरात निरोप कसा पोचावा?

आमच्या जिल्ह्यात पूर फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. अशा वेळी बोटी, अन्न, औषधे यांची चर्चा खूप होते, व्हायलाच हवी. पण बोट कुठे पाठवायची हे कळायला आधी निरोप पोचावा लागतो. त्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या, जनरेटरचे डिझेल संपले की हातातला महागडा फोन म्हणजे नुसते घड्याळ!

अशा वेळी हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, उपयोगी पडतो हे पुष्कळांनी ऐकलेले असते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला होत्या. इतर संपर्क तुटल्यावर त्यांच्या रेडिओवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळत राहिली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या हौशी मोहिमेसाठी आधीच तिथे पोचल्या होत्या. यंत्र उभे होते आणि चालवणारा हात सरावाचा होता. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली नाही.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. रेडिओ म्हटले की आपल्याला बोलणे आठवते. मला वाटते, आपत्तीत बोलण्यापेक्षा लिहिलेला निरोप जास्त भरवशाचा. जन्मभर मराठी शिकवली, म्हणून सांगतो. खरखरीत आवाजात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला फरक कानाला कळत नाही. शिरोळ आणि शिरोली दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. उचगाव तर आमचे करवीर तालुक्यातले एक आणि बेळगावजवळचे दुसरे! माणसांचा आकडा, औषधाचे नाव आणि गाव या तीन गोष्टी चुकल्या तर मदत निघते, पण भलत्याच ठिकाणी जाते.

संगणक रेडिओला जोडून अक्षरे पाठवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांना हॅम मंडळी डिजिटल मोड म्हणतात. यातली आज सर्वांत लोकप्रिय एफटी८. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी ती २०१७ मध्ये आणली. कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संदेश ती उकलते. मात्र तिच्यात दर १५ सेकंदांच्या पाळीत मनचा मजकूर मोकळ्या जागा धरून जेमतेम १३ अक्षरांचा, तोही रोमन लिपीत. ‘इन्शुलिन हवे’ एवढे मावते. कोणाला, कुठे, किती, हे राहूनच जाते. तेव्हा एफटी८ वर शंभर देश गाठले म्हणजे आपण पुरासाठी तयार झालो, असे कोणी समजू नये.

निरोपासाठी वेगळी साधने आहेत. जेएस८कॉल तशाच क्षीण संदेशावर चालते, पण त्यात पूर्ण वाक्ये जातात. मधल्या स्थानकामार्फत निरोप पुढे पाठवता येतो, आणि पलीकडचा माणूस जागेवर नसेल तर त्याच्यासाठी ठेवताही येतो. विनलिंक तर रेडिओवरून ईमेलच पाठवते. चुकलेला तुकडा ते पुन्हा मागून घेते. पूरग्रस्त भागाबाहेरच्या एखाद्या स्थानकाला इंटरनेट असले की पुरे. यासाठी मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे २० मीटर तार चालते. सात मेगाहर्ट्झची तार फार उंच न बांधता आडवी ताणली तर दिवसा लहरी जवळपास सरळ वर जातात आणि परतून शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. सह्याद्री मध्ये असला तरी अडत नाही.

कोणी म्हणेल, आता सॅटेलाइट फोन आहेत, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे स्वतःची बिनतारी यंत्रणा आहे, मग हे जुने खूळ कशाला? खरे आहे. पण ती यंत्रणा गावात पोचेपर्यंतचे तास कोणाचे? आणि पोचल्यावरही ती त्यांच्या कामात गुंतलेली असते. वाडीवस्तीवरच्या डायलिसिसच्या रुग्णाचा निरोप जायला एक लहानशी वाट वेगळी हवी. ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला माहीत असलेली, त्यांच्या सांगण्यानुसार चालणारी हवी. उत्साही मंडळींची स्वतंत्र धावपळ नको. शिवाय हॅम रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही, सारे उघड असते. म्हणून रुग्णाचे काय सांगायचे आणि काय नाही, हा विवेकही शिकवावा लागेल.

माझी सूचना साधी आहे. पूररेषेच्या वर असलेल्या प्रत्येक मोठ्या शाळा-कॉलेजात दोन-तीन शिक्षकांनी रीतसर परीक्षा देऊन हॅमचा परवाना घ्यावा. परवान्याशिवाय संदेश पाठवता येत नाही आणि येऊही नये. यंत्र कपाटात कुलपात न ठेवता महिन्यातून एकदा चालवावे आणि पावसाळ्यापूर्वी नियंत्रण कक्षाबरोबर रंगीत तालीम घ्यावी.

मुलांना मात्र परवान्याशिवायही निरोप लिहायला शिकवता येईल. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली आणि तिच्याबरोबर मोजक्या शब्दांत नेमके लिहिण्याची सवयही गेली. आज आपण मोबाइलवर दिवसभर लिहितो, पण ‘इकडे फार वाईट परिस्थिती आहे, लवकर मदत पाठवा’ या वाक्यात कामाचा एकही शब्द नाही. गाव व तालुका, ठिकाण, माणसे किती, त्यांत आजारी किती, काय हवे, केव्हापर्यंत हवे, आणि हे कोणी, किती वाजता कळवले. एवढे वीस-पंचवीस शब्दांत बसवायचे. दहावीच्या सारांशलेखनापेक्षा हे अवघड नाही, पण यात गुण कापले जात नाहीत, माणूस छपरावर बसून राहतो.

यंत्र विकत मिळते, सराव मिळत नाही. तो जून उजाडण्याआधीच करून ठेवावा लागतो.