चार मतांचे खाते

अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट निघाली की सारे फ्लोरिडातील ५३७ मतांचे अंतर सांगतात. आम्ही त्याच हिशेबातील दुसऱ्या, बारीक नोंदीवर बोट ठेवू इच्छितो.

तेथे प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मते असतात. एकूण ५३८, विजयास २७० लागतात. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याच्या वाट्याला अवघी चार. बुश यांनी ते राज्य ७,२११ मतांनी जिंकले. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तेथे २२ हजारांवर मते पडली. देशाचा निकाल लागला बुश २७१, गोर २६६. ती चार मते गोर यांच्या खात्यात असती तर २७० भरले असते. फ्लोरिडाची गरजच उरली नसती.

२०१६ साली हिलरी क्लिंटन यांनी हे राज्य २,७३६ मतांनी घेतले, तरी अध्यक्ष ट्रम्प झाले. लहान खाते दरवेळी निकाल फिरवीत नाही. कधी फिरवील, हे मात्र आधी कळत नाही.

व्यापारी बंधूंनो, दहा रुपयांची उधारीही आपण वहीत मांडतो. मग आपल्याकडील मतदानाच्या दिवशी रांगेतले दोन तास जड का वाटावेत? रोजंदारीवरील कारागिराला ते महाग पडतात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. मत कोणाला, ते ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या कारागिराची मजुरी मात्र त्या दिवशी कापू नये.