‘या वयातसुद्धा!’ ही दाद नाही, सवलत आहे

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या.

रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ २० ऑक्टोबर २०२३ ला आला. २००५ च्या ‘अ बिगर बँग’नंतर नव्या, स्वतःच्या गाण्यांचा हा पहिलाच अल्बम. मधे २०१६ ला आला तो दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूजचा. अठरा वर्षं वाट बघितली राव! आणि आता जो तो एकच वाक्य फेकतोय : “ऐंशीव्या वर्षीसुद्धा काय जोश आहे!”

अरे, हे काय ज्येष्ठ नागरिकांचं स्नेहसंमेलन आहे का? मिक जॅगरचं वय त्याच्या डॉक्टरनं बघावं. आपण गाणी ऐकावीत.

दुसरी टोळी म्हणते, म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं. का बुवा? ज्या ब्लूजवर हा बँड उभा राहिला, तिथे केस पिकल्याची लाज कधीच नव्हती. बी. बी. किंग ऐंशी ओलांडल्यावरही गिटार घेऊन स्टेजवर बसत होता.

कॅसेटच्या जमान्यापासून ऐकतोय, म्हणून हक्कानं सांगतो. निर्माता अँड्र्यू वॉटनं आवाज इतका घासूनपुसून चकचकीत केलाय की सुरुवातीच्या गाण्यांतला खडबडीतपणाच गेला. हा बँड थोडा ढिला, मागेपुढे वाजतो, त्यातच तर मजा! वर पाहुण्यांची रांग : पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा. लग्नपत्रिकेवर पुढाऱ्यांची नावं छापतात तशी. (गागा आणि वंडरचं ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ मात्र खरंच उंच जातं, ते नाकारत नाही.) त्यात ३० बेसबॉल संघांसाठी ३० वेगळी कव्हरं. गाणी तीच! याला धंदा म्हणतात, आणि चाहत्यानं धंद्याला धंदाच म्हणावं.

आता दुसरी बाजू. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ ला गेला. त्यानं वाजवून ठेवलेली दोन गाणी यात आहेत. त्यातलं ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ ऐका, त्यात जुना बेसवाला बिल वायमनही आहे. आणि शेवटी मडी वॉटर्सचं गाणं, ज्यावरून बँडचं नाव पडलं. फक्त मिक आणि कीथ. ना चकाकी, ना पाहुणे. काटा येतो अंगावर.

म्हणजे माझा हिशोब : अर्धा अल्बम अस्सल, अर्धा विसरण्याजोगा. एवढं सरळ बोलायला काय जातं?

पण आपल्याला सवयच नाही. आमच्या पत्रकारितेतही तेच. ज्येष्ठ कवीचा संग्रह आला की ‘या वयातही लिहिते हात’ असा मथळा ठोकायचा, पुस्तक उघडायचंच नाही. शाल-श्रीफळ दिलं की वाचायची जबाबदारी संपली! मी म्हणतो, हा मान नाही, हा निरोप आहे. टीका करायची तर समोरचा अजून कामाचा आहे असं मानावं लागतं.

तेव्हा आधी पूर्ण ऐका, मग कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त वय सोडून बोला.