विश्लेषण : चुंबकीय कणांनी कर्करोग बरा होतो का?

‘नॅनो’ उपचाराने गाठ विरघळते, अशी चित्रफीत मोबाइलवर आली की घरात रुग्ण असलेल्यांचा जीव त्यात अडकतो. म्हणून यात खरे किती, हे समजून घ्यायला हवे.

हे कण काय करतात?

हे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर. हे कण साधारण १०० नॅनोमीटरच्या आतले. एमआरआयमध्ये ते जिथे साचतात, तो भाग काळा दिसतो. निरोगी यकृत हे कण शोषते, कर्करोगाची गाठ सहसा शोषत नाही. त्यामुळे गाठ उजळ उठून दिसते.

गाठ खरेच जळते का?

गाठीत कण सोडून बाहेरून सेकंदाला सुमारे एक लाख आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र लावले की कण तापतात. ४२-४५ अंश सेल्सिअसला कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात आणि रेडिएशनचा परिणाम वाढतो. अमेरिकेत असे प्रयोग १९५७ मध्येच झाले. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईतही यावर संशोधन झाले आहे. तरीही हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

मग आपल्या उपयोगाचे काय?

स्तनाचा कर्करोग बहुधा आधी काखेतल्या ग्रंथींत पसरतो. त्यातली पहिली ग्रंथी शोधून तपासली आणि ती स्वच्छ निघाली, तर बाकीच्या सहसा काढाव्या लागत नाहीत. हाताला कायमची सूज येण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. वसमतच्या हळदीच्या शेतात राबणाऱ्या बाईसाठी हात म्हणजेच रोजगार. ही ग्रंथी शोधायला बरेचदा किरणोत्सारी द्रव्य वापरतात; त्यासाठी वेगळा विभाग लागतो. चुंबकीय द्रव टोचून हातातल्या यंत्राने ती शोधता येते. अमेरिकेत याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. किरणोत्सारी द्रव्याची सोय नसलेल्या रुग्णालयांना हा मार्ग परवडेल का, हे सरकारने तपासावे.

हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय दोनशे किलोमीटरहून दूर. एवढा प्रवास करणाऱ्याला स्वप्न विकणे पाप आहे. गाठ लागली तर आधी बायोप्सी करा. ‘नॅनो’च्या नावाने कुणी पैसे मागितले, तर उपचाराची मान्यता लेखी मागा. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सोडून त्यामागे धावू नका. वेळेवर झालेले निदान आजही सर्वांत मोठा आधार आहे.