सव्वाशे डॉलरांची समता

शालेय विद्यार्थ्यांच्या सर्जनशील समस्यापरिहाराच्या सांघिक स्पर्धांविषयी समाजवादी कार्यकर्त्यांत एक सोयीस्कर तुच्छता रूढ आहे. सुखवस्तूंच्या मुलांचे खेळ, भांडवलदारांना उद्या हवे असलेले हुशार नोकर घडविण्याची तालीम, एवढे म्हटले की विषय संपला असे मानले जाते. ही टीका सर्वस्वी खोटी नाही. पण तिच्यात आळस आहे. ज्या नियमांवर या स्पर्धा उभ्या आहेत ते वाचले, तर त्यांत समतेचा विचार स्पष्ट आढळतो, आणि तो नेमका कोठे थांबतो तेही दिसते.

या स्पर्धांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘ओडिसी ऑफ द माइंड’ हिचा आरंभ १९७८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. ग्लासबरो स्टेट कॉलेजातील प्राध्यापक सॅम मिक्लस आपल्या विद्यार्थ्यांना चाकाविना चालणारे वाहन बनवायला सांगत. त्यातून त्यांनी व थिओडोर गोर्ली यांनी शाळांसाठी स्पर्धा उभारली. पहिल्या वर्षी २८ शाळा आल्या. सात जणांपर्यंतचा संघ एका प्रश्नावर अनेक महिने राबतो. काही ग्रॅम वजनाची बाल्सा लाकडाची रचना करून तिच्यावर शेकडो किलो भार पेलून दाखवणे, हा त्यांतला गाजलेला प्रश्न. आणखी एक प्रश्न आयत्या वेळी, बंद दाराआड विचारला जातो.

नियम दोन महत्त्वाचे. बाहेरच्या कोणाचीही मदत चालत नाही. पालकाने पोषाखाला टाका घातला तरी गुण कापले जातात. आणि सामग्रीच्या खर्चाला मर्यादा आहे, गेल्या काही दशकांत साधारण सव्वाशे-दीडशे डॉलरांच्या घरात. अडगळीतली वस्तू वापरली तर तिची जुन्या बाजारातली किंमत धरतात. पैशाने खेळ नासतो, हे सत्य अमेरिकेसारख्या देशात स्पर्धेच्या नियमपुस्तकाने मान्य करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु मर्यादा पडते ती फक्त रंगमंचावर आणलेल्या वस्तूंवर. श्रमाची आणि वेळेची किंमत हिशेबात येतच नाही. संघाचा मार्गदर्शक बिनपगारी असतो. महिनोन्महिने संध्याकाळी मोकळा असलेला पालक किंवा शिक्षक ज्या वस्तीत मिळेल तेथेच संघ उभा राहतो. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईबापांच्या वस्तीत तो कोण देणार? नोंदणीची फी वेगळी. जिंकत गेले तर अंतिम फेरी एखाद्या दूरच्या विद्यापीठात. तिथला प्रवास आणि मुक्काम संघाने स्वतः पाहायचा. सव्वाशे डॉलरांच्या आत नाटक बसवणाऱ्या मुलांना ते दाखवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पैसा उभारावा लागतो. म्हणजे फाटकाच्या आत समता, आणि फाटकापर्यंत ज्याची त्याची ऐपत. (१९९९ मध्ये या स्पर्धेत फूट पडून ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही दुसरी संघटना निघाली, दोन्ही दुकाने हजारो स्वयंसेवकांच्या फुकट श्रमावर चालतात, हेही नोंदवलेले बरे.)

हाच हिशेब आपल्या देशाला लावून पाहावा. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले गट करून गावातलाच प्रश्न घेत, विहिरीचे पाणी, शेण, तण, आणि आपल्याच भाषेत मांडत. आरंभी पाच मुलांपर्यंतचा गट असे. पुढे तो दोघांवर आला. पाच जणांनी भांडून, वाटून घेऊन एक उत्तर काढणे हेच ज्याचे मर्म, तेथे गटच आक्रसला, आणि कोणाला त्याचे वाईट वाटले नाही.

त्याउलट २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांचा गाजावाजा आहे. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. त्रिमिती मुद्रक, संवेदक, यंत्रमानवाचे संच. पण आरंभीच्या नियमावलीत सपाट प्रदेशातील शाळेकडे १५०० चौरस फूट बांधीव जागा असणे ही अट होती. दोन खोल्यांच्या शाळेला दारातूनच परत पाठवण्याचा हा सभ्य मार्ग. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. स्वागत आहे. मात्र यंत्र विकत घेता येते. मुलांबरोबर बसून गप्प राहणारा, उत्तर न सांगणारा शिक्षक विकत मिळत नाही. त्याला वेळापत्रकात तास द्यावा लागतो, आणि त्यासाठी रिकाम्या जागा भराव्या लागतात. हा खर्च उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो टळतो.

तेव्हा स्पर्धा मोडीत काढण्याऐवजी तिचा नियम पुढे रेटावा. मर्यादा वस्तूंच्या खर्चावर असेल, तर तास, मार्गदर्शक, एस.टी.चे भाडे आणि मुक्काम हा सारा खर्च सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे. त्याला सुरुवात करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार त्याच समितीला आहे. पक्षाचे किती कार्यकर्ते या समित्यांवर आहेत, आणि असलेल्यांपैकी कितीजणांनी तो आराखडा उघडून पाहिला आहे, याची जिल्हावार विचारणा पुढील बैठकीत व्हावी.