अक्षर हा हुनर आहे, फुकटचा माल नव्हे

गिरगावपासून दादर, परळ, लालबागपर्यंत बोर्ड, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. मराठी पाटीचा नियम 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांना मागणी आली. पण त्यांवरचे अक्षर कोणाच्या मेहनतीचे, हे आपण कधी विचारतो काय?

मुंबईत जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपाचे नाव झाले, कारण राणोजी आरू यांच्यासारखे कारागीर पोलादावर एकेक अक्षर कोरत होते. आजचा फॉन्ट हे त्याच कामाचे नवे रूप. देवनागरी फॉन्टमध्ये मुळाक्षरांवर भागत नाही. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या धरून शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. मग दोन अक्षरांतले अंतर, मात्रा कोठे आदळते, बारीक छपाईत डोळा बुजतो का, हे पुन्हापुन्हा तपासावे लागते. नस्तालिक तर याहून कठीण. मिर्झा अहमद जमील यांच्या 1981 च्या नूरी नस्तालिकसाठी हजारो अक्षरजोड हाताने लिहिले गेले. आपल्या भिवंडीचे डॉ. रेहान अन्सारी यांनी उस्ताद फैज मुजद्दिद लाहोरी यांचे वळण फैज नस्तालिकमध्ये उतरवले.

अशी मेहनत आपण पेन ड्राइव्हवरून उचलतो आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो. आमच्या मते हा हक्कुल इबादचा प्रश्न आहे. कारागिराचा हक्क बुडवून मिळालेल्या रोजीत बरकत कोठून येणार? शिवाय याची गरजही नाही. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. पाटी, पत्रिका, पिशवी, कशावरही वापरा. फक्त फॉन्टच वेगळा काढून विकता येत नाही. ते युनिकोडचे असल्याने मजकूर दुसऱ्या संगणकावरही वाचता येतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टची फाइल दुसरीकडे नेली की अक्षरांचा कचरा होतो, हा अनुभव कोणाला नाही?

दोन गोष्टी कारागिरांनी पाळाव्यात. पाटीत मावत नाही म्हणून अक्षर ताणू नये. आकार कमी करावा किंवा अरुंद फॉन्ट घ्यावा. आणि मराठी गिऱ्हाइकाला ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचेच द्यावेत.

फ्लेक्सच्या मशीनने आपल्या पेंटरांचा ब्रश खाली ठेवला, संगणकाने कातिबांची कलम. पण हातातले वळण अजून गेलेले नाही. ज्या घरात असा उस्ताद आहे, तेथल्या मुला-मुलींनी त्यांच्याकडून अक्षर लिहून घ्यावे आणि फॉन्ट बनवण्याचे सॉफ्टवेअर शिकावे. त्यातली काही मोफतही मिळतात. उस्तादांच्या हयातीतच हे झाले पाहिजे. नंतर हळहळून वळण परत मिळत नाही.